खांद्यामागची शीर

मंडळी, मागे उन्हात उभे आहेत त्यांनी पुढे या. जागा आहे.

तुम्ही सगळे आलात. मला बोलता येत नाही, हे गावाला ठाऊक आहे. तळोद्याला शाळेत मी क्लार्क आहे, तिथेही मी विचारल्याशिवाय बोलत नाही. आमच्या घरातलं बोलणं योगेशकडे होतं. आज ते माझ्यावर आलं. म्हणून लिहून आणलं आहे. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ योगेश गेला. तो केळीचे घड वाहायचा. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या बागेतून त्यानं माल काढला आहे. नेहमी उजव्या खांद्यावर. खांद्यावर गादी, गादीवर घड, आणि हात वर करून घड धरलेला. खांदा बदलायला एक जण थांबला की मागची रांग थांबते. म्हणून कोणी बदलत नाही.

त्याचा उजवा हात सुजला. निळसर पडला. भटू, तू त्याच्याच रांगेत वाहणारा, तू चेष्टा केली होतीस. "तुन्हा हात ते केयना घड व्हई गया रे! आते तुलेच ट्रकमां टाकतस." आणि योगेश म्हणाला, "टाक ना. पन वर ठेवजो, खाले दबी जासू." सगळे हसले. योगेशनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मीही हसलो.

मग त्याच्या खांद्यावर आणि छातीवर बारीक निळ्या शिरा उठल्या. आई म्हणाली, "शीर चढनी शे. बस आठे, चोळी देस." तिनं तेल कोमट केलं. हात चोळला, खांदा चोळला, पाठीमागे फऱ्याच्या चपट्या हाडापर्यंत चोळलं. तो म्हणाला, "माय, आते बरं वाटस." दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळलं. संध्याकाळी त्याला एकाएकी दम लागला. नंदुरबारच्या दवाखान्यात पोहोचलो, तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. योगेशला. बोलता येत नव्हतं.

डॉक्टर बाईंनी मला बसवून सगळं समजावलं. माझ्याच खांद्यावर बोट ठेवून दाखवलं. हाताचं रक्त परत हृदयाकडे नेणारी मोठी शीर गळ्याखालच्या आडव्या हाडामागून जाते. खाली पहिली बरगडी. जागा चिंचोळी. घड वाहताना ती तिथे दाबली जात होती. आत रक्ताची गाठ धरली आणि वाट बंद झाली.

मग हातातलं रक्त कुठे जाणार? त्या म्हणाल्या, दुसरी एक शीर असते. लहान. ती खांद्याच्या फऱ्यामागून निघते, फऱ्याच्या वरच्या काठावरून पुढे येते आणि मानेच्या शिरेला मिळते. खोल असते, दिसत नाही. एरवी तिला फारसं काम नसतं. योगेशच्या खांद्यात सोनोग्राफीत ती फुगलेली दिसली. अख्ख्या हाताचा भार तिनं आणि वरच्या त्या निळ्या शिरांनी घेतला होता.

मंडळी, आपण ज्याला दुखणं समजलो, ते त्याचं शरीर त्याला वाचवत होतं. वाचवत होतं हो! आणि आपल्याला कळलं नाही.

ती गाठ सुटली आणि फुफ्फुसात जाऊन अडकली.

आता गावात बोलतात, आईनं चोळलं म्हणून गेला. माझ्या कानावर आलं आहे. आईच्याही आलं आहे. ती समोर बसली आहे, बघा तिच्याकडे. ती स्वतःच्या हातानं घास घेत नाही. पाणी दिलं तर हात पुढे करत नाही. काकू भरवतात, तेवढंच पोटात जातं. काल तेही थुंकलं. मला भीती वाटते. मी काय करू, ते मला कळत नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, चोळलं नसतं तर वाचला असता का? मला 'नाही' ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. चोळल्यानं गाठ सुटू शकते, न चोळताही सुटते. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं. मी इथे खोटं सांगणार नाही. पण जे डॉक्टरांना ठरवता आलं नाही, ते तुम्ही ओट्यावर बसून ठरवू नका.

हात सुजला, निळा पडला, खांद्यावर शिरा उठल्या, तर चोळू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. भटू, तुम्ही सगळे वाहणारे, ऐकताय ना?

आता एक विचारतो. असा सुजलेला हात तुमच्या घरात, तुमच्या लेकाचा असता, तर ज्यांनी तो चोळला नसता, त्यांनी हात वर करा.

मी वाट बघतो.

एकही हात वर नाही. माझाही खाली आहे. आई, मागे वळून बघ. एकदा बघ.

चला, योगेशसाठी थोडा वेळ गप्प उभे राहू. आई, तू बसून राहा.