भुंग्यांसाठी राखलेलं गवत

वाळवीचं औषध घ्यायला आलेला सुतार शेती औषधांच्या दुकानात रांगेत उभा होता. पुढे एक म्हातारबाबा आणि त्यांची सून यांची जुंपली होती, आणि सुताराचे कान तिकडेच लागले होते.

“आबा, रांगेतून बाहेर या. तणनाशक मारायचं नाही म्हणजे नाही.”

“सूनबाई, गाजरगवत पिकाच्या उरावर बसलंय. ते खायला म्हणून तुझे भुंगे आणलेस ना, की नुसता पाहुणचार झोडायला?”

“पानांची चाळण केलीय त्यांनी. शेतात जरा वाकून बघा तरी.”

“चाळण झाली, पण गवत उभंच आहे ना!”

“उभं असू दे. फूल धरत नाहीये. फूल नाही, तर बी कुठून पडणार?”

“गेल्या वर्षीही सोडले होतेस. कुठे गेले ते?”

“मी माहेरी गेले आणि तुम्ही गवत उपटून बांध आरशासारखा लख्ख केलात. खायला पानच उरलं नाही, मग ते काय तुमचं तोंड बघून जगणार?”

“म्हणजे तण मारायला तण राखायचं? लोक तोंडात शेण घालतील.”

“घालू देत. भुंग्यांसाठी कडेचा गवताचा पट्टा राहणारच.”

“आणि उद्या मक्यावर चढले तर?”

“आबा, गेल्या वर्षी उपाशी मेले, पण शेजारच्या मक्याला तोंड लावलं नाही त्यांनी.”

रांग पुढे सरकली.

“बोला आजोबा, किती लिटर?” दुकानदाराने विचारलं.

“काही नको.” ते मागे वळले. सुताराच्या कानावरची पेन्सिल त्यांनी पाहिली. “सुतार ना तुम्ही? एक पाटी करून द्या. ‘इथलं गवत कोणी उपटू नये.’”

“बरं.”

“आणि खाली ठळक लिहा, ‘घरच्यांनीसुद्धा.’”