शांताच्या हातच्या पेट्या

मी औंधची. वडील शाळामास्तर, मुलींनी इंग्रजी शिकलंच पाहिजे म्हणणारे, म्हणून मी शिकले, शास्त्रज्ञ झाले, आणि तोडलेलं फळ खाणाऱ्यापर्यंत न सडता कसं पोचेल, याच कामात जन्म गेला. राहायला आम्ही सांगलीत, विश्रामबागेत, पण सासरची द्राक्षबाग तासगावकडे. काय सांगू तुम्हाला बाळांनो, लोकांना वाटतं फळ तोडलं की मेलं, तसं नसतं, ते पेटीतही श्वास घेतं, त्याला घाम येतो आणि त्या ओलीवर बुरशी धरते.

म्हणून पेटीत द्राक्षांवर गंधकाचा कागद ठेवायचा. ओलीने त्यातून वाफ सुटते आणि बुरशी मरते, पण वाफ हळूहळू सुटली पाहिजे, एकदम सुटली तर मणीच जळून पांढरे पडतात. हे आमच्या बागेतल्या पेट्या भरायच्या शेडमध्ये सगळ्यात छान शिकली माझी धाकटी जाऊ शांता. तिचा नवरा, माझे धाकटे दीर, फौजेत होते, ते तिकडेच वारले, मूल नव्हतं, तिला उरलं होतं ते हे शेड. घड असा देठाने उचलायची की मण्याला बोट लागायचं नाही.

एका वर्षी आमचा परदेशी पहिला कंटेनर जायचा होता. पेट्या शांताने भरल्या, मी सांगलीला होते. सासूबाईंनी रीतीप्रमाणे नारळ फोडला आणि त्याचं पाणी उघड्या पेट्यांवर शिंपडलं. माल पोचला तो मणी पांढरेफटक, तोंडात घातला तर घसा जळायचा. सगळा फेकला.

घरी सासूबाई म्हणाल्या, म्या तवाच म्हनले व्हते, पयल्या मालाला रांडमुंडीचा हात नगं. शांता दारात उभी, म्हणाली, आवं आत्याबाई, म्या काय केलं वं? नवरा खाल्लास, आता बाग खा, त्या म्हणाल्या. तुमचे आजोबा पेपर वाचत बसले.

मी म्हटलं, दोष पाण्याचा आहे, तर सगळे हसले. मग मी शांताकडूनच दोन पेट्या भरवल्या, एकीवर नारळाचं पाणी शिंपडलं, दुसरी कोरडी, दोन्ही शीतगृहात ठेवल्या आणि सगळ्यांसमोर उघडल्या. ओली पांढरी पडलेली, कोरडी हिरवीगार. सासूबाईंनी स्वतः मणी चाखला. व्हय, थोरलीचं खरं हाय, म्हणाल्या, हितनं फुडं नारळ फाटकाबाहीर फोडायचा. मी म्हटलं, मग शांता येऊ दे कामाला. तर म्हणाल्या, पान्याचं कळलं मला, हिचं येगळं हाय. आणि तिच्या भावाला बोलावून तिला आटपाडीला पाठवून दिलं.

आता सासूबाई नाहीत. परवा मी शांताला आणायला गेले. भावाच्या गोठ्यालगत राहते, लोकांची डाळिंबं निवडते. म्हटलं, चल, आता कोणी अडवत नाही. म्हणाली, नगं ताई, माज्याच मनात येतंय, खरंच हातात काय असंल तर?

निघताना तिने तुमची चौकशी केली, सुखात ऱ्हाऊ द्या पोरं म्हणाली, डाळिंबांची पाटी पुढे सरकवली. मी पिशवी उघडून धरली. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. पोरांसाठी हायती, ताई, म्हणाली, तुमी तुमच्या हातानं घ्या.