शिळं संख्याशास्त्र

टेसा : आई, खरं सांग, कॉलेजात चार वर्षं तू नुसती मातीची भांडीच केलीस? मैत्रिणींनी पैज लावलीय, मी विचारणारच नाही म्हणून.

आई : (बारा तासांची पाळी करून आलेली, बूट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत) सिरॅमिक्सची पदवी म्हणतात त्याला. तेव्हा अख्ख्या ओहायोला कपबशा आपल्या गावातून जायच्या. मी पास झाले आणि कारखाने बंद पडले. मग दोन वर्षांचं नर्सिंग केलं. सांग जा त्यांना. आणि पाणी दे इकडे.

टेसा : म्हणून नर्सिंगच्या मास्टर्सला घेणार नाहीत म्हणतेस? मी काल फोन केला तिथे. तुझा आवाज काढून.

आई : टेसा.

टेसा : प्रवेशाच्या बाई मला मॅडम म्हणाल्या. पदवी कुठलीही चालते, नर्सचं लायसन्स हवं, वर नर्सिंगचे दोन जोडविषय करायचे. त्यांच्याकडे एक नर्स फ्रेंच शिकून आलीय.

आई : आणि संख्याशास्त्राचं काय म्हणाल्या?

टेसा : तेही लागतं, पण सात वर्षांच्या आत केलेलं हवं.

आई : माझं एकोणीस वर्षांपूर्वीचं. शिळं झालं ते. मार्चमध्येच कळलं मला.

बाबा : मग तेवढा एक विषय पुन्हा कर ना, लोरेटा.

आई : कधी करू, डेल? काल एका आजोबांना उठवताना गुडघा असा वाजला, की तेच म्हणाले, पोरी, तूच झोप या खाटेवर.

बाबा : म्हणूनच म्हणतोय. मास्टर्स झालीस तर शिकवायची नोकरी मिळेल, बसून करता येईल. हा गुडघा आणखी किती वर्षं काढणार?

आई : फार नाही. ठाऊक आहे मला. ऑगस्टमध्ये गेले होते मी संख्याशास्त्राच्या वर्गाच्या दारापर्यंत. कामावरच्याच कपड्यांत. एका पोरीनं विचारलं, वर्ग झाडायला आलात का. वाईट हेतूनं नाही विचारलं तिनं. मी हो म्हणाले आणि घरी आले.

बाबा : मला बोलली नाहीस.

आई : बोलण्यासारखं काय होतं त्यात.

टेसा : आता दोघंही ऐका. आमच्या शाळेतून कॉलेजचा एक विषय घेता येतो. मी संख्याशास्त्र घेतलंय, कॉलेजातच, मंगळवारी संध्याकाळचं. शाळेच्या बँडच्या सरांना सांगून आले, मंगळवारी सरावाला येणार नाही. आई, तूही त्याच वर्गात नाव घाल, शेजारची खुर्ची मी धरून ठेवते. तू उशिरा आलीस तरी चालेल.