खुर्चीसकट बोटीत

हॅलो?… हां, बोल मास्तर. दुकानातच आहे, वेल्डिंग चालू आहे… थांब, मशीन बंद करतो… हं, आता बोल.

कुठे?… तळ्याकाठच्या त्या नव्या बागेत?… एकटाच?… बरं. अरे बरं म्हटलं ना. आनंदच आहे.

हो, कळलं. उतार गुळगुळीत आहे. कठडा बुटका केलाय, खुर्चीत बसून गळ टाकता येतो… तिसऱ्यांदा सांगतोयस, बहिरा नाही मी.

मासा किती किलोचा?… अडीच. आणि जाळीत कोणी घेतला?… बोटवाल्याने. वा. सकाळी ओळख, दुपारी जिगरी दोस्त. वर तुला खुर्चीसकट बोटीतून फिरवलं. अजून काय काय केलं त्याने? पाय चेपले?

नाही, जळत नाहीये… जळतोय. मग? तुझे पाय गेले तेव्हापासून नऊ वर्षं, दर रविवारी तुला पाठीवर घेऊन तळ्याच्या चिखलात उतरलोय मी. दोनदा घसरलो, गुडघा फोडून घेतला, पण तुला भिजू दिलं नाही. आता कोणी चार पोती सिमेंट ओतलं, तर मी परका?

मी येऊन काय करू? चाकं तू फिरवणार, बोट तो हाकणार. मी काठावर टाळ्या पिटू?

काय?… काय म्हणालास?… पुन्हा सांग.

पाणी पीत नव्हतास?… शनिवार रात्रीपासून?… दर रविवारी?

अरे, मग बोलायचंस की. झुडपामागे नेलं असतं. उचलत तर होतोच… हो… हो, मीच न्यायचं, मीच धरायचं… हं.

आणि तिथे खुर्ची आत जाईल असा संडास आहे. म्हणजे आज तू…

दोन बाटल्या पाणी?

मला वाटायचं, उन्हाने ओठ सुकतात तुझे. मी शहाणा, टोपी आणून दिली तुला…

नाही, आहे मी, बोल… माफी मागू नकोस. मागितलीस तर तिथे येऊन कानाखाली वाजवीन.

राग?… आहे. तुझ्यावर आहे, त्या बोटवाल्यावर आहे, त्या संडासावरसुद्धा आहे. नऊ वर्षं माझी पाठ होती रे… तुला नुसती तहान.

रविवारी?… नाही येणार. खोटं कशाला सांगू, तू माझ्यासमोर घटाघटा पाणी पिशील आणि मला ते बघवणार नाही… महिनाभराने विचार. हो, विचार म्हणतोय ना.

ठेवतो.