भांगाच्या दिवसांची गोळी

नाही नाही, तो दवाखान्याचा कागद आधी पिशवीत घाल बघू, ओला होईल. आणि बस इथं शेकोटीजवळ — त्या फळीवर नको गं, ती जॉन-इमची जागा, येईलच एवढ्यात. आम्ही नऊ जणी या दगडांच्या गोल आडोशात बसतो, तीस वर्षं जी जिथं बसते तिथंच. तू मला समचुन म्हणतेस, गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्या माणसांना म्हणतात तसं, बरं वाटतं ऐकायला — पण हातात कागद घेऊन कुणी समचुन म्हणायला लागलं की माझे कान टवकारतात. काय लिहिणार आहेस? बू मान-चुन, वय त्र्याहत्तर, छातीत दुखतं, समुद्रात सोडू नये. हेच ना? मग गावचा मच्छीमार संघ माझा बुडी मारायचा शिशाचा पट्टा काढून घेणार, आणि मी घरात बसून टीव्हीवर दुसऱ्यांचा समुद्र बघणार. ते काही मला जमायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते.

गोळ्या घेते. घेते म्हणते ना. हे बघ पाकीट — उरल्यात तर उरू देत. अगं, उधाणाच्या दिवसांत आम्ही पाण्यात उतरतच नाही, मग गोळी कशाला फुकट घालवायची? भांग लागला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर ओसरला, की घेते, उतरायच्या आधी अर्धा तास. रोज घ्यायची, समुद्र असो नसो — ठाऊक आहे मला. डॉक्टरनं तीनदा सांगितलं, बहिरी समजून ओरडून सांगितलं. सकाळी एक, अख्खी, ठेचायची नाही, चावायची नाही, मनाला आलं म्हणून मधेच बंद करायची नाही. रक्ताची वाट मोकळी राहते म्हणे. आणि ही गोळी दुखू नये म्हणून, दुखायला लागल्यावर हिचा उपयोग नाही, तेव्हा ती जिभेखालची बारकी, ती वेगळी, ती ही बघ गळ्यात. आहे की नाही सगळं पाठ? पण तो डॉक्टर पडला शहरातला. त्याला वाटतं छाती सोमवारी काय नि शुक्रवारी काय, सारखीच. माझी छाती पाणी बघून चालते.

डोकं ठणकतं तिनं, हे मात्र खरं. तू म्हणालीस, थोडे दिवस होईल मग कमी होईल. अगं पोरी, माझं डोकं सत्तावन्न वर्षं ठणकतंय. सोळाव्या वर्षी पहिली बुडी मारली तेव्हापासून. पाण्याखाली जाणाऱ्या बाईचं डोकं ठणकायचंच. म्हणून तर तो डबा, तो बघ, बिस्किटांचा — त्यात डोकेदुखीच्या गोळ्या. रोज सकाळी शेकोटीशी सगळ्यात म्हातारी तो डबा फिरवते, जिला हवी ती घेते, नाव नाही, चिठ्ठी नाही. आधी माझी सासू फिरवायची, आता मी. इथं एकटीनं औषध खायची पद्धत नाही. वाईट दिसतं ते.

चढ? कोण म्हणालं मी चढावर थांबते? ती दुकानवाली असणार, तिला दुसरं काम काय. थांबते मी, संत्र्यांच्या बागेपाशी, दोनदा. संत्री बघायला थांबते. पाठीवर शंखांची ओली जाळी घेऊन तू चढून दाखव, मग बोल. आणि पाण्यात तर मला कधीच दुखलेलं नाही. कधीच — एकदा. एप्रिलात. तळाशी होते, शंखाला हात घातला नि छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं. वर आले, पाण्यावर तरंगणारा माझा भोपळा धरला, पण शीळ निघेना. वर आलं की श्वास सोडताना आमची शीळ वाजते, तुला माहीत आहे, त्यावरून आम्हाला कळतं कोण कुठं आहे ते. माझी वाजली नाही. जॉन-इम कानानं अधू, शीळ तिला कुठली ऐकू यायला, पण ती माझं तोंड बघत असते दर वेळी. तिनं मला काठाला ओढत आणलं, आणि कुणाजवळ बोलली नाही. कुणाजवळ म्हणजे कुणाजवळ नाही. हे लिहू नकोस हं.

लिहिलंस? खोड ते. खोड म्हणते ना. एवढं केलं तिनं माझ्यासाठी, मग मी तिला नाही कसं म्हणणार — काय नाही म्हणजे? गोळी गं. जून लागल्यापासून तिलाही जाळी उचलताना छातीत धरल्यासारखं व्हायला लागलं. दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणते, मग तुझ्यासारखा कागद माझ्याही मागे लागेल. खोटं आहे का? मग उधाणातल्या माझ्या उरतात त्या मी तिच्यासाठी डब्यात टाकायला लागले. एक तिला, एक मला. भांगात, उतरायच्या आधी. चार भांग काढले तिनं त्यावर, माझ्यापेक्षा जास्त शंख आणले. तुझ्या डॉक्टरला सांग हे.

अशी काय बघतेस माझ्याकडे? विष नाही दिलं मी. आणि मागते तेव्हाच देते. काल संध्याकाळी आली होती दारात, घामानं ओलीचिंब, डावा हात चोळत. जबडा दुखतोय म्हणाली, दात काढावा लागणार बहुतेक. छातीत? हो, छातीतही थोडं होतं म्हणाली, दुपारपासून. दोन दिल्या मी. ठेचून घे म्हटलं, लवकर लागू पडेल. मग गेली घरी. सकाळी येताना हाक मारली मी तिला — फाटकातले आडवे वासे तिन्ही खाली होते, म्हणजे घरात आहे. ओ दिली नाही. म्हटलं, बहिरी आहे, आवरत असेल, येईल मागून.

उठलीस का? शेकोटी —

दुखायला लागल्यावर हिचा उपयोग नाही. हो. मीच म्हणाले आत्ता. पाठ आहे मला. पाठ आहे, आणि मी तिला —

बागेच्या वर, निळं छप्पर, तेच तिचं घर. दार नुसतं लोटलेलं असतं, ढकल नि आत जा. दवाखान्याची गाडी बोलाव, चालता चालता बोलाव फोनवर. माझ्यासाठी थांबू नकोस, मी येते मागून. मला तो चढ एका दमात होत नाही. हो, नाही होत, छातीत दुखतं. लिही तुझ्या कागदावर, मोठ्या अक्षरात लिही, सही करते मी. माझ्याकडे काय बघत उभी राहिलीस? पळ.