शेवटचे चार फोटो

फिल्म धुऊन देणाऱ्या दुकानाच्या रांगेत एका नर्सबाईंच्या पुढे एक काकू काउंटरला खेटून उभ्या होत्या.

"दादा, हे गाडी लावून येतील एवढ्यात. पटकन सांगा, ह्यांनी काढलेले फुलांचे फोटो आले का? धूळ पुसताना मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं होतं. तीन आठवडे जीव टांगणीला लागलाय."

"काकू, गुंडाळीच्या आत होते ते फोटो वाचले. वरचे, म्हणजे शेवटचे चार तेवढे जळाले."

"सुटले गं बाई! ह्यांना सांगू नका हं."

"काय सांगू नका?" काका आलेच.

"काही नाही, काका. शेवटचे चार फोटो उजेड लागून गेले. बाकीची फुलं झकास."

"शेवटचे चार? चारही?"

"चारही."

"हुश्श! जाऊ द्या हो, चालायचंच."

काकू पाकीट उघडून फोटो पाहू लागल्या. काका काउंटरवर वाकले.

"बरं झालं, दादा. फुलांच्या प्रदर्शनासाठी हिने जपलेली लिली मीच कापली होती, फोटोसाठी; त्या चारांत तीच होती, फुलदाणीत. हिला सांगितलंय, वाऱ्याने मोडली."

"अहो, काळ्या-पांढऱ्यात माझी लिली काय खुलली असती! मेल्या वाऱ्याने घात केला."

नर्सबाईंनी रुमाल तोंडाला लावला.

"हो ना, काकू," दुकानदार म्हणाला, "वाऱ्याचा काही नेम नाही."