माळावरची शेवटची खर्पुडी

(तेरजवळ पाशामियाँचा खडकाळ माळ. १९५८चा भादवा. सोलापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे मल्लिनाथ सर महिन्याभरानं परत आलेत.)

मल्लिनाथ : पण पाशामियाँ, इथं अकरा वेल होते. प्रत्येकाशेजारी मी स्वतः चुन्याचा दगड ठेवला होता.

पाशामियाँ : दगड हायत की. सरकारी दगडाला आमी हात लावत न्हाय.

मल्लिनाथ : दगड माझे होते. वेल कुठं गेले?

पाशामियाँ : खाल्ले.

मल्लिनाथ : शेळ्यांनी?

पाशामियाँ : शेळ्यांनी पाला. कंद आमी. आमच्या घरवालीनं, शरिफाबीनं, मीठ घालून उकडले. तुमच्यासाठी ठिवायचे राहिले.

मल्लिनाथ : अहो, साऱ्या जिल्ह्यात ही कंदिलासारख्या फुलांची खर्पुडी मला इथंच सापडली. गुराखी कंद उकरतात, शेळ्या कोंब खुडतात, उरलेला माळ नांगराखाली जातो. म्हणून तर खुणा केल्या.

पाशामियाँ : खुणा केल्या म्हणूनच खाल्ले, मास्तर. न्हायतर इतकी वर्सं तिच्याकडं बघत होतं कोन? निजामाच्या वख्ताला एक साहेब आला, चुन्याचे दगड लावले, खालचं रान सडकंत गेलं. विलीनीकरन झालं, दुसरा आला. त्यानं बी दगड लावले, विहिरीकडचं रान गेलं. दोघं बी असेच गोड बोलायचे. तुमी तर चहा बिनसाखरेचा मागितला. तवाच म्हनलं, ह्यो त्यांच्यापेक्षा मोठा.

मल्लिनाथ : मी शिकवतो हो. जमिनीशी माझा काय संबंध?

पाशामियाँ : पगार कोन देतं?

मल्लिनाथ : संस्था.

पाशामियाँ : आन् संस्थेला?

मल्लिनाथ : थोडं सरकार देतं.

पाशामियाँ : थोडंच लागतं. आता लिवून द्या. पाशामियाँच्या माळावर असलं एक बी झाड न्हाय. सही करा, तारीख टाका.

मल्लिनाथ : असं लिहिलं, तर इकडं पुन्हा कुणी शोधायला येणार नाही.

पाशामियाँ : म्या दुसरं काय म्हनतोय?

मल्लिनाथ : थांबा. त्या निवडुंगात कंदिलासारखं काय लोंबतंय?

पाशामियाँ : गवत आसंल.

मल्लिनाथ : गवताला असं फूल?

पाशामियाँ : हात घातला व्हता म्या. काटे लई. उद्या कोयता आनतो.

मल्लिनाथ : कोयता नको. कागद द्या इकडं. "माळ पाहिला. खर्पुडी आढळली नाही." ही सही, ही तारीख.

पाशामियाँ : आन् ते?

मल्लिनाथ : ते गवत.

पाशामियाँ : मंग ऱ्हाऊ द्या. तुमी मातर परत बघाया येऊ नगा.